उलटा ओवलेला मोर

सोलापूर शहर, मोडनिंब गाव आणि या दोहोंमधल्या सर्व एसटी थांब्यांवरच्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या घरात एका रशियन बाईवरून जे युद्ध पेटलं होतं, त्याची खरी हकीकत आजवर बाहेर आलेली नाही. आईने ती दाबली. अण्णांनी ती सोयीप्रमाणे वळवली. आणि माझ्या आत्याने तर असं काही घडलंच नाही, असं देवापुढच्या समईवर हात ठेवून सांगितलं. रशियन बाई कागदावरची होती. तिला एक डोळा, तीन हात आणि अडीच कपबशा होत्या, आणि एवढ्या अपुऱ्या सामग्रीवर तिने आमच्यासारख्या भांडणात मुरलेल्या घराला पुरून उरेल इतकं वैर पुरवलं. त्या युद्धाचा निकाल एका वाक्याने लागला. ते वाक्य कोण बोललं आणि काय बोललं, हे मी साक्षीदार म्हणून नोंदवणार आहे; पण अगदी शेवटी. शेवट आधीच फोडून टाकायची मला वाईट खोड आहे, ती या एका प्रकरणापुरती आवरते.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बोळात, दोन कारखान्यांच्या मधोमध. दोन्ही बाजूंनी मागांची खटाखट. लाईट गेली आणि माग थांबले की आम्ही बोलता बोलता एकदम गप्प व्हायचो, कारण आपण किती ओरडतोय हे तेव्हाच कळायचं. आमच्या घराण्याचा आवाज मोठा असं नातेवाईक म्हणतात. तो मोठा नाही, मागांच्या वर चढवलेला आहे. त्यात घरातला आवाज वेगळा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नक्शा मास्तर होते. म्हणजे चादरीवर जो मोर, जो गुलाब, जी कुंडी दिसते, ती आधी अण्णांच्या चौकटीच्या कागदावर जन्मायची. एकेक चौकोन रंगवून नक्शा झाला की अण्णा लोखंडी मशीनवर बसायचे आणि लांबट पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. ठक, ठक, ठक. एक पुठ्ठा म्हणजे चादरीतली एक आडवी ओळ. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडा. मग ते सगळे पुठ्ठे आकड्याप्रमाणे दोरीने एकापुढे एक ओवायचे, की झाली माळ. ती मागाच्या डोक्यावरच्या जकार्ड यंत्राला चढवली की माग डोळे झाकून मोर विणतो. ओवायचं काम आईचं आणि माझं. भाकरी थापावी तसं आम्ही ते बोलता बोलता करायचो. जेवायला ज्वारीची भाकरी, पातळ आमटी आणि शेंगाचटणी, आणि अण्णा जेवतानाही कागदाकडे बघत. त्यांचे मोर जोडीचे असत, उजवीकडे एक, डावीकडे एक, मधे कुंडी. दोघे एकमेकांकडे असे बघत, जसे वाटणीच्या दिवशी दोन भाऊ.

आता रशियन बाई. माझ्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी फिरत्या पुस्तकगाडीवरून एक जाडजूड रशियन चित्रांचं पुस्तक घेतलं होतं. त्या गाडीत पुस्तकं इतकी स्वस्त मिळत की लोक वजनाचा विचार करून घेत. पुस्तकाची शिवण उसवली आणि एक पान सुटं झालं. दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी बाईंनी ते मला दिलं. चित्राखाली नाव होतं, पण रशियन अक्षरांत. ना बाईंना वाचता आलं, ना मला. त्यातलं एक अक्षर इंग्रजी आर उलटा ठेवल्यासारखं होतं. चित्रकार कोण हे मी पुढे शोधू शकले असते, आता तर फोनवर एका मिनिटात कळेल. मी शोधलेलं नाही. काही माणसांची नावं कळली की ती माणसं लहान होतात.

चित्र मला पहिल्या नजरेत मुळीच आवडलं नाही, हे इथं कबूल करते. रागच आला. एक बाई टेबलाशी बसून आपल्याकडच्या बंबासारख्या ढेरपोट्या भांड्यातून चहा काढतेय, असा विषय आहे म्हणे. पण बाई कुठाय? गालाचा तुकडा इथं, खांदा तिथं, टेबल आपल्या अंगावर कलंडलेलं, बंबाचा नळ दोन ठिकाणी, खिडकीची चौकट बाईच्या मानेतून आरपार गेलेली. बाईंनी समजावलं की हात एकच आहे, पण ओतताना तो जिथं जिथं होता तिथं तिथं काढलाय. टेबल वरून बघितलंय, बंब समोरून, चेहरा बाजूने, जसा माणूस घरात हिंडत हिंडत बघतो. मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. मी अडकले ती एका कोपऱ्यात. टेबलाचा तो तपकिरी तुकडा असा होता की कुणी ओल्या रंगावरून कंगवा ओढलाय आणि लाकडाच्या रेषा उमटल्यात. त्याच्या शेजारचा राखाडी तुकडा रवाळ, भाजलेल्या रव्यासारखा. बाई म्हणाल्या, रंगात वाळू मिसळली असणार. मी त्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. शेवटी छापील कागदच तो. पण डोळ्याला खरखर लागत होती आणि बोटाला लागत नव्हती, आणि हा माझ्या बोटाचा अपमान आहे असं मला वाटलं. दिवसभर मी डोळ्याने त्या वाळूवरून चालत राहिले. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाताना नजरेला ठेच लागायची, आणि ती ठेच मला हळूहळू हवीशी वाटू लागली.

पान मी ओवायच्या जागी भिंतीवर चिकटवलं आणि त्याच दिवशी मोडनिंबहून आत्या आली.

आत्या अण्णांची थोरली बहीण. शेरडं, कोरडवाहू जमीन आणि कुणालाही न जुमानणारी जीभ असा तिचा संसार. ती मला न्यायला आली होती. तिच्या एका डोळ्याला कमी दिसू लागलं होतं, घरात दुसरं माणूस नव्हतं, आणि पोरीची दहावी झालीच आहे तर दोन-चार वर्षं राहू दे माझ्याजवळ, पुढचं मी बघते, असं तिने अण्णांना कळवलं होतं. अण्णांनी हो म्हटलं होतं. मला विचारलं नव्हतं, आणि आमच्याकडे ते नवल नव्हतं. नवल असं की त्याच आठवड्यात ड्रॉइंगच्या बाई चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन घरी आल्या. अण्णांनी त्यांना चहा दिला, खुर्ची दिली आणि फार नम्रपणे विचारलं की चित्रं काढून पोट भरतं का. बाई म्हणाल्या, मास्तर, तुमचं भरतंयच की. यावर अण्णांचा चेहरा असा झाला की आईने बशी उचलून आत नेली.

"म्या काडतो त्येला चित्र म्हनत न्हाईत बाई," अण्णा म्हणाले. "त्येला काम म्हनत्यात."

बाई गेल्या. फॉर्म राहिला. भोकं पाडायच्या मशीनचा एक पाय आखूड होता, ते डगडगायचं. अण्णांनी फॉर्मची चौपदरी घडी घातली आणि त्या पायाखाली सरकवली. सही करायची मुदत चार दिवस होती. मशीन मात्र त्या क्षणापासून डोंगरासारखं स्थिर झालं.

मग सगळा मोर्चा भिंतीवरच्या बाईकडे वळला. आत्या तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि चांगल्या डोळ्याने तिने तिची वरपासून खालपर्यंत झडती घेतली. ह्यो आपला बंबच हाय की, ती म्हणाली, म्हंजी ही बया अंगुळीच्या पान्यात चहा करती. मी बाईंकडून ऐकलेलं सगळं ज्ञान ओतलं. हात हलतोय म्हणून तीनदा काढलाय. रंगात मुद्दाम वाळू घातलीय.

"रंगात वाळू?" आत्या म्हणाली. "आमच्याकडं त्येला भेसळ म्हनत्यात."

मी चिडले. आत्या शेंगाचटणी खलबत्त्यातच कुटायची, शेजारणीकडे मिक्सर आला होता तरी. मिक्सरची चटणी म्हणजे तोंडाला लावायची पावडर, दाताला कळाय पायजे काय खाल्लं, असं ती दर जेवणाला ऐकवायची. मी म्हटलं, तुझ्या दाताला कळावं लागतं, तसं या चित्रकाराच्या डोळ्याला कळावं लागतं, म्हणून वाळू. माझ्या मते हा युक्तिवाद अजोड होता, आजही आहे. आत्याने अण्णांकडे बघून एवढंच म्हटलं की पोरगी वाया गेलीया, लवकर न्यायला पायजे. मग दोघं बहीणभाऊ त्या चित्रावर तुटून पडले, लहानपणी चिंचेच्या झाडावर पडत असतील तसे. ही बाई जात्यातून काढली असावी. हिच्या नवऱ्याने आरसा फोडून दिला असावा. डोक्याला कंगवा मिळाला न्हाई म्हनून चित्राला फिरवला. मी कोपऱ्यात बसून पुठ्ठे ओवत होते आणि प्रत्येक वाक्याला एकेक दोरी दातांनी तोडत होते.

आणि मग अण्णांनी, चित्राकडे पाठ करता करता, निव्वळ तुच्छतेने एक गोष्ट सांगितली. पुठ्ठ्यांचे गठ्ठे मागंपुढं झाले, एखादा उलटा ओवला गेला, की असंच दिसतं म्हणाले. उलटा ओवला की डावं उजवीकडे जातं. गठ्ठा सरकला की पाय डोक्यावर चढतात. ह्या रशियनाने काय केलंय, तर माळ चुकवलीया, आन चूक लपवायला तिच्यावर सही केलीया; आणि सही बघा, अक्षरसुद्धा उलटं.

त्यांना वाटलं त्यांनी चित्र संपवलं. मला मात्र ते त्या क्षणी दिसलं. पूर्ण दिसलं. मी डोळ्यांनी एकेक तुकडा उचलून जागेवर नेऊ लागले, हात सरळ, गाल इकडे, खिडकी मागे. आणि प्रत्येक तुकडा जागेवर गेला की बाई अधिकाधिक साधी, अधिकाधिक मेलेली दिसू लागली. मग परत सगळे तुकडे होते तिथं ठेवले. हात हलला. चहा पडू लागला. चित्र कसं बघायचं हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, शिव्या देता देता. पुढे मोठमोठ्यांची व्याख्यानं ऐकली, इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

माझे डोळे भिंतीवर होते. हात मात्र ओवत होते.

त्या वेळी कारखान्याच्या मालकांनी अण्णांकडून वेगळंच काम मागितलं होतं. जोडी नको, कुंडी नको, चादरभर एकच मोठा मोर, उजवीकडे तोंड केलेला. बाहेरगावचा व्यापारी नमुना बघायला येणार होता. अण्णा महिनाभर त्या मोराशी बोलत होते. मी ओवत होते ती त्याचीच माळ, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी ती कारखान्यात चढवायला दिली. पुढचं मला मल्लेशममामांनी सांगितलं. मल्लेशममामा आमच्या बोळातलेच, घरी तेलुगू बोलणारे, शांत, अत्यंत हुशार विणकर. नमुन्याची चादर त्यांच्याच मागावर होती. चार बोटं कापड विणून झाल्यावरच त्यांना कळलं होतं की हे काहीतरी भलतंच निघतंय. पण मागे एकदा त्यांनी शंका काढली तेव्हा अण्णांनी सगळ्या कारखान्यासमोर विचारलं होतं की नक्शा मी काढतो का तू. म्हणून मामांनी तोंड मिटलं आणि अख्खी चादर इमानाने विणून काढली.

चादर उलगडली गेली ती मालक, व्यापारी आणि अण्णा यांच्या समोर. मोराचे पाय तुऱ्याच्या वर. मानेचे तीन तुकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे, एक पोटाखाली. पिसाऱ्याचा मधला पट्टा उलट्या अंगाला फिरलेला. चोच कुठेतरी एकटीच. व्यापारी सभ्य होता, त्याने आधी चादरीभोवती एक फेरी मारली. मग त्याने विचारलं की या मोराला काही झालंय का. मालक अण्णांकडे बघत राहिले. अण्णा मल्लेशममामांवर गरजले, तेव्हा मामा हात बांधून म्हणाले, "तुमीच म्हनलेलं की मास्तर, इचारायचं नाई म्हनून. मी नाई इचारलं."

अण्णा घरी आले ते चादर काखेत घेऊन. ती त्यांनी माझ्यासमोर टाकली. आई लगेच म्हणाली की मीच ओवली माळ, माझ्याच हातून झालं. अण्णांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते भिंतीकडे गेले, चित्र ओढून काढलं आणि आत्याला दिलं. आत्या मोडनिंबला न्यायला चटणी कुटत होती. तिने रशियन बाईची घडी घातली आणि चटणीच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी अंथरली. वर चटणी भरली, दाबली, झाकण लावलं. उद्या दुपारच्या गाडीनं ही तुज्यासंगं, अण्णा म्हणाले. फॉर्मची मुदतही उद्याचीच होती. मशीन अजिबात डगडगत नव्हतं.

त्या दिवशी मी जेवले नाही, असं लिहायला शोभलं असतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रागात मला फार भूक लागते, अजूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने फर्मान काढलं की ती फुकटची चादर मी नेते, शेरडांच्या खोपटाला आडोसा होईल. पण खळ जायला एकदा धुवून दे. म्हणून मी हौदावर ती चादर धुतली. भिजलेली नवी चादर म्हणजे एक म्हैसच. आपटताना, पिळताना मोराचे सगळे तुकडे हातांखालून गेले. इथं डोळ्यालाही ठेच लागत होती आणि बोटालाही खरखर लागत होती. रशियन बाईने जे देऊ केलं नव्हतं ते हिच्यात होतं. मला रडू आलं ते त्या खरखरीमुळे, मोडनिंबमुळे नाही, असं मी तेव्हा स्वतःला बजावलं. अंगणात दोरीवर चादर टाकली. उन्हाळ्याच्या सुरुवातीचं वारं सुटलं होतं. अण्णा दोरीकडे पाठ करून, मुद्दाम पाठ करून, मशीनवर बसले होते. चुकलेल्या माळेत जे पुठ्ठे फाटले होते ते नव्याने पाडत होते. ठक, ठक. आत्या पायरीवर खलबत्ता घेऊन बसली होती, वाटेत खायला अजून थोडी चटणी हवी म्हणून. मी पिशवी भरत होते.

आणि तेवढ्यात लाईट गेली. दोन्ही कारखान्यांचे माग एकदम थांबले. त्या शांततेत वाऱ्याने चादर एकदा पोटापासून फुगवली आणि सोडून दिली. आत्याचा बत्ता हवेत थांबला, आणि तिच्या तोंडून ते वाक्य निघालं. मागांच्या वर चढवलेल्या आवाजात, त्यामुळे बोळाच्या टोकापर्यंत गेलं.

अण्णा वळले. त्यांनी चादरीकडे बघितलं. उठून जवळ गेले, तळव्याने ती दाबून बघितली, जिथं मान तुटली होती तिथं अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, "त्यो रशियन भिकारच हाय. पन गठ्ठे कसं फिरवलंस त्ये आकड्यासकट लिहून दे." मी लिहायला बसले. काही आठवत होतं, काही नव्हतं. जे नव्हतं ते ठोकून दिलं. अण्णांनी वाकून मशीनच्या पायाखालून फॉर्म ओढला, गुडघ्यावर पालथ्या हाताने घड्या मोडल्या आणि सही केली. मग चटणीचा डबा उघडून रद्दीच्या कागदावर पालथा केला आणि तळाची रशियन बाई माझ्यापुढे सरकवली. आत्या ओरडली, पण तिचं ओरडणं आता उशिरा आलेल्या गाडीसारखं होतं, त्यात कुणी बसलं नाही. दुपारी ती एकटीच मोडनिंबला गेली. चादर मात्र तिने सोडली नाही. पुढच्या कितीतरी भेटींत ती तिच्या अंगावर दिसायची, शेरडांच्या खोपटावर कधीच नाही.

मशीन त्या दिवसापासून पुन्हा डगडगू लागलं. अण्णांनी दुसरं काही त्याच्या पायाखाली घातलं नाही. रशियन बाई माझ्याकडे आहे. तेलाने ती अर्धी पारदर्शक झालीय, आणि तिखटाचे, दाण्यांचे बारीक कण तिच्या टेबलावर कायमचे चिकटलेत, म्हणजे आता बोट फिरवलं की खरोखर खरखर लागते.

आत्या शेवटपर्यंत नाकबूल होती. मी असं बोललेच न्हाई, पोरगी नाटकी हाय, असं ती सांगायची, आणि दुसरा भाग खरा असल्याने लोकांना पहिलाही पटायचा. आता आत्या नाही, अण्णाही नाहीत, आईला विचारलं तर ती हसून विषय बदलते. म्हणून मी, तो दिवस कानांनी ऐकलेली एकमेव बोलकी व्यक्ती, नोंदवून ठेवते की बत्ता हवेत धरून, तोंडात दाण्यांचा तोबरा असताना, माझी आत्या अण्णांना जे बोलली ते असं:

"आरं नाम्या, इतकी वर्सं तुजं मोर नुस्तं फोटू काडाय बसल्यावानी बसल्यालं. ह्यो तर नाचतुया की रं."